हिरवे ठिपके कोणाचे, याचा खुलासा आणि वाटणी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकोणऐंशी पूर्ण, धंदा रेडिओ आणि व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा, शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या फटक्यात, आज गुरुवारी सकाळी दुकानावरच्या खोलीत खिडकीजवळ बसून स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरीणबाईंनी काल लिहून दिले आहे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तिथे माझेच वय आले म्हणून मी थांबलो, विसरलो म्हणून नव्हे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. नशा म्हणाल तर एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. जीव घाबरा आहे, पण तो लहानपणापासून तसाच आहे. त्यावरून या कागदाच्या खरेपणाबद्दल कोणी शंका काढू नये.

याआधी मी दोन मृत्युपत्रे लिहिली. पहिल्यात घर राहून गेले, दुसऱ्यात मुलगा. दोन्ही फाडली आहेत. चुकून कोठे तुकडे सापडले तर ते धरू नयेत.

आता घाई एवढ्यासाठी की सोमवारी माझे जुने गिऱ्हाईक, पियानोचे सूर लावणारा सूरवाला, एक व्हॉल्व्ह न्यायला येणार आहे आणि तो व्हॉल्व्ह त्याच्या हाती पडता कामा नये. का, ते कलम चारमध्ये लिहीन. आधी घराचे लिहितो, म्हणजे हात बसेल.

कलम १. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या, जिन्यासकट, माझ्यामागे माझ्या मुलीच्या. मुलाला बँकेतली ठेव आणि वेशीबाहेरचा मोकळा तुकडा. दोघांनी यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर माझ्या हयातीत भांडून घ्यावे, म्हणजे मला उत्तर तरी देता येईल.

मुलीला दुकान का, हे मुलगा विचारणार. ती इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर अकरा वर्षे होती. कायमची नोकरी होती. तीन वर्षांपूर्वी ती सोडून ती माझ्या दुकानात बसली. तेव्हा मुलाने फोन केला. मुलीने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मलाही कळला. तो म्हणाला, "ताई, वेडी आहेस का तू? म्हाताऱ्याच्या कानावर दुकान चालत नसतं. आज आहे, उद्या नाही."

ती म्हणाली, "बाबांच्या कानाला काही होत नाही. तू तुझं बघ."

मी तिथेच उभा होतो. सोल्डरिंगची कांडी हातात होती. ती परत डाखाला लावली. ती आता त्रेचाळीस वर्षांची आहे. सोडलेली नोकरी परत मिळत नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचे सगळे ओझे याच्यावर आहे.

कलम २. हत्यारे. सोल्डरिंगच्या दोन कांड्या, काट्याचा मीटर, व्हॉल्व्ह तपासायचे यंत्र, पकडी, चिमटे, स्क्रूच्या बरण्या, सगळे मुलीला. यंत्राची डावीकडची कळ उलटी लागते, ती दुरुस्त करू नये. मी तिच्याशी जमवून घेतले आहे. समोरच्या मोबाइलवाल्याला यातले काहीही देऊ नये, स्क्रूसुद्धा नाही. त्याने एकदा चार गिऱ्हाइकांसमोर मला विचारले होते, "काका, हे व्हॉल्व्ह आहेत की झिरोचे दिवे?"

माझे उंच स्टूल शेजारच्या शिंपीमास्तरांना द्यायचे होते. पण ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकिलाच्या कारकुनाने सांगितले. हे कळताच मास्तर म्हणाले, "मग आत्ताच दे की. मेल्यावर दिलंस तर कायदा आडवा येतो, जिवंतपणी दिलंस तर फक्त तुझी बायको आली असती." आणि स्टूल उचलून घेऊन गेले. मी आता खुर्चीवर बसून लिहीत आहे. उंची जमत नाही.

कलम ३. माझा स्वतःचा हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर. तो कोणाला, ते शेवटी ठरवीन.

ज्यांना यातले काही माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची कुपी. आत तार तापते आणि आवाज मोठा होतो. लोकांना वाटते ही चीज जुन्या रेडिओबरोबर गेली. पण हेडफोन लावून डोळे मिटून गाणे ऐकणारे काही लोक आहेत, त्यांना व्हॉल्व्हचाच आवाज लागतो. गंमत अशी की अ‍ॅम्प तोच, गाणे तेच, पण पुढचा लहान व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या कारखान्याचा, दुसऱ्या सालचा घातला की गाणाऱ्या बाईचा गळा बदलतो. एका व्हॉल्व्हमध्ये ती खोलीत आपल्यासमोर बसलेली असते. दुसऱ्यात ती खिडकीबाहेर उभी असते. तिसऱ्यात तिला सर्दी झालेली असते. आम्ही असे जुने व्हॉल्व्ह गोळा करतो, एकेक लावून ऐकतो आणि खोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका देतो. हिरवा म्हणजे गोड, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे नको. लांबलांबचे लोक माझा हिरवा ठिपका मागतात. खोक्यात काय आहे ते बघत नाहीत, ठिपका बघतात.

व्हॉल्व्ह बदलताना अ‍ॅम्प बंद करून दहा मिनिटे थांबावे. बटण बंद केले म्हणजे वीज गेली असे नव्हे. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ती दबा धरून बसलेली असते. काच रुमालाने धरावी, सरळ वर ओढावी, किंचित डुलवत. हिसडा देऊ नये. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. नवा घातल्यावर पुरता तापू द्यावा, हेडफोन गळ्यातच ठेवावा आणि पेन्सिलीच्या खोडरबराने काचेवर हळूच टिचक्या माराव्या. आत काही सुटले असेल तर हेडफोनमधून चरचर येते. तसा व्हॉल्व्ह कोणालाही देऊ नये, फुकटसुद्धा. मी बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह आणि माणसाचा कान यांच्यात एका कपॅसिटरचे अंतर आहे. सुटलेला तुकडा जागचा हलून भलतीकडे चिकटला तर कानात बार निघतो. साध्या माणसाचे कान आठवडाभर गुणगुणतील आणि बरे होतील. नाहीतर होणार नाहीत.

सूरवाला शाळांतून आणि सभागृहांतून पियानोचे सूर लावत फिरतो. त्याचे कान म्हणजेच त्याची हत्यारपेटी. त्याचा अ‍ॅम्प मी माझ्या हाताने बांधला आहे.

कलम ४. हे कलम मी सकाळपासून तीनदा सुरू केले आणि तीनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो.

मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. नऊ वर्षे झाली. आधी बशीवरच्या चमच्याचा आवाज गेला, मग कागदाची सळसळ. फोनवर माणसे पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. चरचर मला अजिबात येत नाही. डॉक्टरीणबाईंनी डोके तपासले, कान तपासले नाहीत. मीही सुचवले नाही.

मग नऊ वर्षे ठिपके कसे दिले? तर पहिली आठ वर्षे माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघून.

ती दुपारी विणायला बसायची. मी म्हणायचो, जरा हे कानाला लाव, मला तारा तपासायच्या आहेत. तिच्या कानाला हेडफोन लावायचा आणि व्हॉल्व्ह बदलत जायचो. आवाज चांगला असला की तिच्या सुया संथ व्हायच्या. फारच चांगला असला की थांबायच्या. आवाज टोचला की डावा हेडफोन ती बोटभर बाजूला सारायची. चरचर आली की भुवई हलायची. मी ते बघायचो आणि मग माझ्या कानाला हेडफोन लावून, गिऱ्हाइकासमोर मान डोलवून, जसे काही मीच ऐकले, तसा ठिपका द्यायचो. हेही लिहायला हवे की गिऱ्हाइकांसमोर मी तिची चेष्टा करायचो. "हिला काय, व्हॉल्व्ह काय आणि औषधाची बाटली काय, सारखंच." ती म्हणायची, "हो बाई, मला कुठे त्यातलं कळतं."

एके दिवशी मात्र एका व्हॉल्व्हला तिच्या सुया थांबल्या, डोळे मिटले, मान कलली. मी हिरवा दिला. आठ दिवसांत गिऱ्हाईक तो परत घेऊन आले. म्हणाले, यात तर डबा वाजतो आहे. मी मान वर केली तर ही आतल्या दारात उभी. "अग्गबाई, परत आला का?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तेव्हा मला कळले की तिला सगळे ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच हेडफोन मागून घेतला आणि पुन्हा कधी फसवले नाही.

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली.

तेव्हापासून मी त्रेसष्ट ठिपके दिले. कशावरून दिले, तर खोक्यावरच्या सालावरून, काचेच्या रंगावरून आणि मुलगी समोर उभी असते म्हणून. तिला मी ऐकायला बसवू शकलो असतो. पण ती दहा वर्षांची असल्यापासून तिला सांगत आलो की तुझा कान आईवर गेलाय, दगड आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू?

आता तो व्हॉल्व्ह. काल, बुधवारी, डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर तो ऐकला. सूरवाल्याने खास मागितला आहे आणि त्या सालचा आमच्याकडे एकच आहे. मी हेडफोन लावला, टिचक्या मारल्या, मान डोलवली.

मुलगी नेलपॉलिशची कांडी हातात धरून उभी. "काय लावू?"

"हिरवा. लोणी आहे."

तिने ठिपका दिला, पाकिटावर सूरवाल्याचे नाव लिहिले आणि गिऱ्हाइकाकडे वळली. अ‍ॅम्प बंद करण्याआधी मी सवयीने आणखी एक टिचकी मारली. मीटर लावलेलाच होता. काटा दोनदा नाचला. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा नाचला. म्हणजे आत काहीतरी सुटलेले आहे. तेव्हाच म्हणायला हवे होते, ठिपका पूस. पण ती म्हणाली असती, "मग मघाशी ऐकू नाही आलं?" मी व्हॉल्व्ह थंड केला, पाकिटात घातला आणि पाकीट फळीवर ठेवले.

सोमवारच्या आत ते पाकीट फळीवरून काढीन, व्हॉल्व्ह जमिनीवर टाकीन आणि म्हणेन, हात थरथरला. या वयात हात थरथरतो, कोणी विचारणार नाही. तसे झाले तर या कलमातला शेवटचा भाग फाडून टाकावा.

कलम ५. शनिवार, दुपार. लोखंडी कपाट मुलीला. त्याचे दार उचलून लावावे लागते. वरच्या कप्प्यात सर्किटच्या वह्या आहेत, त्या उन्हात घालू नयेत. खालच्या कप्प्यात बायकोची लोकर आहे.

मी कपाटाचे लिहीत आहे, पण आधी हे लिहायला हवे. खाली गेलो होतो. फळीवर पाकीट नाही.

मुलगी म्हणाली, "सूरवाल्यांचं? ते कालच दिलं. शाळेकडे गेले होते, त्यांच्या दारात टाकून आले. सोमवारचा हेलपाटा वाचला त्यांचा."

"लावला त्यांनी?"

"नाही. उद्या रविवारी सकाळी निवांत ऐकणार म्हणाले. परवापासून मोठ्या सभागृहाचं काम लागतंय त्यांना. का हो? चेहरा का असा झालाय?"

"पाणी दे."

पाणी प्यायलो आणि वर आलो. वर येऊन कपाटाचे कलम लिहायला घेतले, यावरून माझी लायकी कळावी.

सूरवाल्याला फोन लावला. पलीकडून पोत्यातला आवाज आला. मी म्हणालो, "तो व्हॉल्व्ह लावू नका, ऐकताय ना, लावू नका." आवाज बोलतच राहिला. मी पुन्हा म्हणालो, तोही पुन्हा तसाच, त्याच चालीत बोलला. तेव्हा ध्यानात आले की तो सूरवाला नव्हे, ठरावीक वाक्य वाजवणारे यंत्र आहे. यंत्राला तीनदा बजावून मी फोन ठेवला. वाटले, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटले, त्याने फोन बघितला तर तोच करील. हे सगळे खरे खरे लिहिले आहे.

कलम ६. रविवार. हे कलम वाटणीचे नाही, पण त्याशिवाय पुढची वाटणी कळणार नाही.

सकाळी आठ वाजता मी चपला घालून जिना उतरलो. मुलगी शटर पुसत होती.

"बाबा, कुठे?"

"सूरवाल्याकडे."

"चालत? तासभर लागेल तुम्हाला. काय काम आहे, मी फोन करते."

"कर. उचलला तर सांग, व्हॉल्व्ह लावू नका."

"अहो, हिरवा आहे तो."

"हिरवा नाही."

"म्हणजे?"

मी सांगितले. शटरसमोर, रस्त्यावर उभे राहून. नऊ वर्षे, तिची आई, अकरा महिने, त्रेसष्ट, काटा. कलम चारमध्ये दोन पाने लागली, तिथे पाच वाक्यांत झाले. तिने एका हाताने फोन कानाला धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हते. हेडफोन लावलेला माणूस फोन कसा ऐकणार, हे आम्हा दोघांना एकदमच सुचले असावे, कारण तिने फोन खिशात टाकला आणि म्हणाली, "बसा."

स्कूटरवर मी आठ वर्षांत बसलो नव्हतो. तिने वळणावरसुद्धा वेग कमी केला नाही. वाटेत तिने एकदाच तोंड उघडले. "आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला दगड म्हणालात."

सूरवाला तळमजल्यावर एकटा राहतो. बेल वाजवली, दार वाजवले. बाजूच्या खिडकीतून तो दिसत होता. आमच्याकडे पाठ, कानाला हेडफोन, समोर अ‍ॅम्प, व्हॉल्व्ह तापून नारिंगी झालेले. आणि त्याने हातात पेन्सिल घेतलेली होती. मीच शिकवले होते त्याला, टिचकी कशी मारायची. पण मी सांगितले होते की हेडफोन गळ्यात ठेवून. तो कानावर ठेवून मारत होता.

मुलीने खिडकीच्या जाळीवर चापट्या मारल्या. तो ढिम्म. ती जिन्याखाली धावली, तिथे मीटरची पेटी होती. "बाबा, खटका ओढू?"

वीज अचानक गेली तरी अ‍ॅम्पमध्ये धक्का येतो का? मी बांधताना विचार केला होता. वीज गेली तरी आवाज हळूहळू मरावा म्हणून मोठा कपॅसिटर घातला होता. पण हे अकरा वर्षांपूर्वीचे. कपॅसिटर वाळतात. बरोबर असेन तर आवाज विझत जाईल. चुकलो असेन तर आज मीच त्याचे कान घालवीन, तेही त्याच्या दारात उभे राहून. खिडकीत त्याची पेन्सिल पुन्हा वर गेली.

"ओढ," मी म्हणालो. "आणि काही झालं तरी परत लावू नकोस."

तिने खटका ओढला. आतला पंखा मंदावला. सूरवाला थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने हेडफोन काढला, उठला आणि दार उघडले.

"तुम्ही? वीज गेली वाटतं."

"कान कसे आहेत?" मी ओरडलो. मला ऐकू येत नाही म्हणून मी नेहमीच ओरडतो.

"का? कापून न्यायला आलात का?"

"काही झालं नाही ना? बार आला नाही ना?"

"नाही हो. फार गोड आहे व्हॉल्व्ह. फक्त डाव्या कानात मधूनच कोणी कागद चुरगाळल्यासारखं होत होतं. अर्धा तास तेच तपासतोय." मग त्याचा आवाज खाली गेला आणि पुढचे मला ऐकू आले नाही. मुलीने मला नंतर सांगितले. तो म्हणाला होता, "म्हटलं, तुमचा हिरवा ठिपका आहे, म्हणजे व्हॉल्व्ह चांगलाच. खोट माझ्याच कानात असणार. सभागृहाचं काम सोडावं का, असा विचार करत होतो."

पियानोची एक तार केसाएवढी उतरली तरी ज्याला कळते, त्या माणसाने स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवला आणि माझ्या ठिपक्यावर विश्वास ठेवला. धक्क्यापेक्षा हे वाईट. धक्का निदान विजेने दिला असता.

मी त्यालाही सगळे सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना सोपे जाईल असे वाटले होते. गेले नाही. तो ऐकून घेऊन एवढेच म्हणाला, "आज चला तुम्ही. मला चहा विचारायचं सुचत नाहीये." दहा मिनिटे थांबून मुलीने व्हॉल्व्ह काढून घेतला. मगच खटका वर केला.

घरी आल्यावर मुलीने दुकानातली हिरव्या ठिपक्याची सगळी खोकी खाली उतरवली. अकरा महिन्यांतली विकलेली किती, उरलेली किती, हे तिने वहीतून काढले. विकलेल्यांच्या मालकांना ती पत्रे लिहिणार आहे. मी म्हणालो, पत्रात लिही की म्हातारा आजारी होता. ती म्हणाली, "म्हातारा खोटं बोलला असं लिहीन. आजारी माणसाच्या दुकानात कोणी परत येत नाही. चूक कबूल करणाऱ्याच्या येतील, तर येतील." मग उरलेल्या खोक्यांवरचे ठिपके तिने ब्लेडने खरवडले. तिच्या बोटाला लागले. मी बँडेज शोधायला उठलो तर म्हणाली, "बसून राहा."

आणि अ‍ॅम्प माझ्या टेबलावरून उचलून तिने स्वतःच्या टेबलावर ठेवला. आईची खुर्ची ओढली. हेडफोन घेतला.

मी नेहमीच्या जागी, तिच्यासमोर बसलो.

"तिथे नाही," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करा. माझ्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. मला जे ऐकू येईल ते मी माझ्या तोंडाने सांगेन."

मी खुर्ची फिरवली. भिंतीवर रंगाचा एक पोपडा आहे, तो बघत बसलो. मागे टिचक्या मला ऐकू आल्या नाहीत, फक्त तिने खुर्ची सरकवल्याचा दणका फरशीतून पायात आला. तिचा शब्द येईपर्यंत मी पोपड्याच्या कडा दोनदा मोजल्या. मला वाटले, मी तिला खरोखरच दगड करून ठेवले. शेवटी तिने मोठ्याने, मला कळावे म्हणून, सांगितले, "पहिला. बाई दूर उभी आहे. आणि उजव्या कानात बारीक घुंई आहे. पिवळा."

त्या व्हॉल्व्हला मी हिरवा दिला होता.

कलम ७. वरील सर्व घडल्यानंतर मी माझ्या मालमत्तेबाबत पुढीलप्रमाणे ठरवतो.

अकरा महिन्यांपूर्वीपर्यंतच्या आठ वर्षांतले सर्व हिरवे ठिपके, जिथे जिथे असतील तिथे, माझ्या बायकोचे आहेत. माझा त्यांच्यावर हक्क नव्हता आणि नाही. मुलीने तसे पत्रात लिहावे आणि दुकानात पाटी लावावी. पाटीवर माझे नाव घालू नये.

ती गेल्यानंतरचे त्रेसष्ट ठिपके माझे. ते कोणालाही वारशाने जात नाहीत. ते माझ्याबरोबर संपवावेत.

आजपासून जो ठिपका पडेल तो मुलीचा. रंग तिने ठरवावा. तिला दगड म्हणालो ते या कागदाने मागे घेतो. कागदाने मागे घेतल्याने काय होते, मला माहीत नाही. तोंडाने म्हणायला गेलो तर ती म्हणाली, आधी जेवा.

मुलाला हे कळेल तेव्हा तो म्हणेल, मी म्हणालोच होतो. त्याने ते एकदा म्हणावे. तो हक्क त्याचा आहे. दुसऱ्यांदा म्हणू नये. दुकान चालेल की नाही हे मला सांगता येत नाही. चालले तर ते म्हाताऱ्याच्या कानावर चालणार नाही, एवढे त्याला कळवावे.

कलम ८. माझा अ‍ॅम्प सूरवाल्याला द्यावा असे काल मनात आले होते. आज सोमवार, तो सभागृहाचे काम अर्ध्यावर ठेवून दुपारी दुकानात आला. माझ्याशी फारसा बोलला नाही. मुलीने त्याला तीन व्हॉल्व्ह ऐकवले. दुसऱ्याला तो म्हणाला, "हा." ती म्हणाली, "मला तिसरा वाटतो." त्याने पुन्हा ऐकला, पुन्हा दुसरा लावला, पुन्हा तिसरा. तिसरा घेऊन गेला नाही, पण उद्या येतो म्हणाला.

मी त्याला अ‍ॅम्पचे सांगितले. तो म्हणाला, "नको. साक्षीदार लागतोय ना तुम्हाला? मला करा. म्हणजे तुमचं काही घ्यावं लागणार नाही."

मी म्हणालो, "राग आहे अजून?"

"आहे. पेन द्या."

म्हणून अ‍ॅम्प मुलीला. या कागदाची अंमलबजावणी तिनेच करावी. हे सर्व मी वाचून बघितले, खाडाखोड आठ ठिकाणी आहे, ती माझीच आहे आणि प्रत्येक ठिकाणी मी आद्याक्षर घातले आहे. नववे ठिकाण दिसले तर ते चहाचा डाग आहे.

स्थळ: दुकानावरची खोली. सोमवार, महिन्याची सतरा तारीख, दुपारचे चार.

(सही) व्हॉल्व्हवाला, लिहून ठेवणार

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. स्टूल मला जिवंतपणी मिळाले आहे, मृत्युपत्राने नव्हे. (सही)

साक्षीदार दुसरा: पियानोचे सूर लावणारा. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. सही करताना त्याचे पेन शेवटी कागदावर करकरले. त्याला ते ऐकू आले नाही. मला दोन्ही कानांनी आले. (सही)